साताऱ्यापुढचं तिकीट

आत्या, तू गेलीस त्या दिवशी गुरुवार होता आणि शारदाकाकींचा उपास त्या दिवशी खरा होता.

हे मला त्यांनीच सांगितलं. विमान, मग पुणे, मग रहिमतपूर असं करत मी पोचले तोवर तुझं सगळं उरकलं होतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या. शेजारच्या काकी उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तनू, गुरवारी मला खराच उपास हुता गं. सकाळी तेच सांगाय आलते तिला. म्हटलं, इंदू, आज खराय, आज टाक खिचडी. हाका मारल्या तर ही उठंचना."

मला रडायचं होतं आणि मी हसले. काकीही हसल्या, मग आम्ही दोघी रडलो. भिंतीला टेकून बसलेल्या पप्पांना काही कळलं नाही. तुला कळलं असतं.

हे वाचणाऱ्यांनाही कळणार नाही, म्हणून आधी खिचडीचं सांगते. तुला पाठ आहे, पण ऐक.

आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून गावच्या जत्रेतल्या देवाशी आपल्या घराचं काही नातं उरलं नाही. तरी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तू मटण करायचीस. पप्पा वैतागायचे. तू म्हणायचीस, "देव त्यांचा, पावणं माजं." सातारा-सांगली गाडीवर तू कंडक्टर होतीस, त्या दिवशी हटकून रजा टाकायचीस आणि सकाळीच आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन जेवायचं आवतण द्यायचीस. लोक चांगले होते. तोंडावर नाही कुणी म्हणत नसे. कुणाचा उपास असायचा, कुणाचं पोट बिघडलेलं असायचं. जत्रा तिथीवर येते, वार दरवर्षी वेगळा. शारदाकाकींचा उपास मात्र जत्रेच्या मागोमाग सोमवारी, बुधवारी, शनिवारी, कुठेही जायचा.

मग एका वर्षी तू मटणाच्या शेजारी साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं चढवलंस. त्याच्या शेजारी मऊ भाताचं. काकी दारातूनच म्हणाल्या, "उपास हाय गं इंदू आज." तू म्हणालीस, "आवं बरं झालं की! खिचडीच केल्याया. कूट लय घातलंय, या, बसा." काकींना बसावंच लागलं. पोट बिघडलेल्या मास्तरांना तू मऊ भात वाढलास, वर तूप. मी तेव्हा शाळेत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कोण काय खातंय ते बघत होते, कारण बघणं हे एकच काम मला जमायचं. मास्तर भात खात होते आणि त्यांची नजर मटणाच्या पातेल्यावर होती.

"खाल्लं का न्हाई सगळ्यांनी? कुणाला काय झालं?" भांडी घासताना तू म्हणालीस. इतकं खूश मी तुला तुझ्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पुढे कायदा शिकायला लागल्यावर मी तुझ्याशी यावरून भांडले होते. म्हणजे माझ्या पद्धतीने, हळू आवाजात. मी म्हणाले होते, "आत्या, ही जबरदस्ती आहे. कुणी कुणाकडे जेवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे."

"मी जबरदस्ती केली? मी फकस्त वाढलं."

"त्यांना नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीस तू."

"नाही म्हणू दे की. पर खरं कारण सांगून म्हणू दे. सबब माझ्या दारात चालायची न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. मला वाटलं, तुला मुद्दा समजला नाही.

मी बेल्जियमला शिकायला गेले आणि तिथेच एका छोट्या संस्थेत लागले. भेदभावाच्या तक्रारी ऐकायच्या, तपासायच्या, जमलं तर दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवायचं, असं आमचं काम. गावात कुणी विचारलं की तनू काय करते, तर तू सांगायचीस, "भांडती." शारदाकाकींचा विश्वास बसायचा नाही. "ही? हिला दुकानात कोथिंबीर मागाय लाज वाटती!" त्या म्हणायच्या. खरं होतं. अजूनही मी रांगेत पुढे घुसणाऱ्याला काही बोलत नाही. पण दुसऱ्याच्या वतीने मला बोलता येतं, हे मला तिकडे गेल्यावर कळलं.

तू निवृत्त झाल्यावर रोज माझी जेवणाची सुट्टी आणि तुझा दुपारचा चहा एका वेळी यायचा. तू फोन कपाला टेकवून ठेवायचीस, त्यामुळे मला बहुतेक वेळा तुझी हनुवटी आणि वरचा पंखा दिसायचा. तुला माझ्या कामातलं सगळं ऐकायचं असायचं. घर, नोकरी, शाळा, दवाखाना यांत तिकडे कुणाला त्याच्या रंगावरून, धर्मावरून, अपंगत्वावरून नाकारता येत नाही, हे मी सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "मंग लोक काय म्हणून नाकारत्यात?"

"काहीच म्हणत नाहीत. खोली कालच गेली म्हणतात. जागा भरली म्हणतात."

"मंजी तिकडं बी उपास आसतो," तू म्हणालीस.

मग मी तुला चाचणी समजावली होती. एकाच खोलीसाठी दोन फोन करायचे. दोघांची नोकरी सारखी, वय सारखं, बोलणं सारखं. फक्त नाव वेगळं. अरबी नावाच्या माणसाला खोली गेली म्हणून सांगितलं आणि दुपारी तिकडच्याच नावाच्या माणसाला बघायला या म्हटलं, तर सबब उघडी पडते. तू चहाचा घोट घेतलास आणि म्हणालीस, "खिचडीच की गं ही." मी नाही म्हणाले. म्हणाले, आम्ही कुणाच्या ताटात काही वाढत नाही, फक्त नोंद घेतो. तू म्हणालीस, "हां, तुमची खिचडी कागदावरची." आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसलीस की फोन कपावरून घसरला.

एकदा तू मला युरोपातल्या हक्कांची सनद वाचायला लावलीस. कोणकोणत्या कारणाने माणसांत भेद करायचा नाही ते तिच्यात आहे. मी मराठी करत वाचत गेले: लिंग, वंश, रंग, भाषा, धर्म, मत, मालमत्ता. तू मध्येच थांबवलंस.

"जात कुठाय?"

"जात नाहीये, आत्या. त्यांना जात माहीत नाही. 'जन्म' आहे पण."

पंखा फिरत होता. "जन्म हाय का? मग हाय की. त्यातच बसतंय आपलं सगळं."

मी म्हणाले, ते इतकं सोपं नाही, अजून कुणी बसवून पाहिलेलं मला तरी माहीत नाही. तू म्हणालीस, "मंग तू बस की पयली." तू हे गाडीत उभ्या असलेल्या प्रवाशाला म्हणावं तशी म्हणालीस.

रोहिणीची तक्रार आली ती त्यानंतर. तिचं खरं नाव तुला माहीत आहे, इथे बदलते. सांगलीकडची नर्स, तिकडच्या रुग्णालयात नुकतीच लागलेली. एका मराठी बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली भाड्याने होती. रोहिणीने फोन केला, बाई मराठीत बोलू लागल्या, तिला बरं वाटलं. आडनाव सांगितलं. मग गाव. मग गावात घर कुठे. मग मामाचं गाव कुठलं. मग लग्नाची पत्रिका वगैरे कुणाकडून बघता. शेवटी बाई म्हणाल्या, उद्या कळवते. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, खोली गेली. जाहिरात मात्र तशीच होती.

आमची प्रमुख एल्स हिला काही समजेना. ती मला म्हणाली, तुम्ही एकाच राज्यातल्या, एकच भाषा, रंगही सारखा. नुसतं गाव विचारून काय कळतं? मी तिला तुझ्या गाडीतलं सांगितलं. तू नेहमी म्हणायचीस ना, की साताऱ्याला शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसं कोरेगाव यायच्या आत एकमेकांची जात काढतात, आणि तो शब्द कुणाच्याच तोंडात येत नाही. एल्सने वही पुढे ओढली. मग म्हणाली, चाचणीचा फोन करायला मराठी बोलणारी बाई लागेल.

आमच्याकडे मराठी बोलणारी एकटी मी.

तुला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं तू चिडशील. मी दुसऱ्या जातीचं आडनाव घेऊन फोन करणार होते. तू तर पदर खोचून बसलीस. "आडनाव कंचं घेनार?"

"शिंदे?"

"खुळी का काय! शिंदे आपल्यात बी हायत, त्यांच्यात बी हायत, सगळ्यात हायत. जाधव, मोरे, गायकवाड, न्हाईच चालायचं. पुढचं प्रश्न येत्यात. देशमुख घे."

"देशमुखांना प्रश्न येत नाहीत?"

"देशमुखाला कोण इचारतंय, बाय?"

तरी तू माझी तयारी करून घेतलीस. आठवडाभर, चहाच्या वेळी. तू घरमालकीण व्हायचीस, आवाज बारीक करून, पुण्याच्या मराठीत. चुकलं की ताटलीवर चमचा एकदा वाजवायचा, म्हणजे गाडी थांबली. बरोबर आलं की दोनदा, चला पुढे.

"साताऱ्याच्या का तुम्ही? साताऱ्यात कुठे?"

"मेढ्याजवळ."

टण. "लगीच सांगू नगं! आधी 'का हो, तुमचं कुणी आहे का तिकडे' आसं इचारायचं. मोठ्या घरची माणसं आधी उत्तर देत न्हाईत."

"कुलदैवत कोणतं तुमचं?"

मी गप्प. टण. "हिला कुलदैवत म्हायीत न्हाई! शारदाकाकींना इचार जा." आणि तू खरंच फोन घेऊन काकींच्या दारात गेलीस. काकी म्हणाल्या, "कशाला पायजे?" तू म्हणालीस, "तनूला देशमुख करायचीया." काकींनी कुलदैवत सांगितलं, देवक सांगितलं, मामाचं गाव उंब्रज धर म्हणाल्या, तिकडं कोण शोधायला जात नाही. वर म्हणाल्या, "आन् 'हाय' नगं म्हणू बाई फोनवर." तू म्हणालीस, "ती कवा म्हणतीया? इंग्लिश मीडियमची हाय ती, तिला आपलं येतंय कुठं?" तुम्ही दोघी पडद्यावर डोकी टेकवून हसत होतात. तुमचं चाललं होतं काय, तर एका बाईची सबब उघडी पाडायची तयारी. आणि त्यातली एक जण बारा-पंधरा जत्रा खिचडीवर काढलेली. मला ते त्या क्षणी दिसलं. काकींना दिसलं का, माहीत नाही. मी विचारलं नाही.

इंग्लिश मीडियमवरून तू मला कायम छळलंस. शाळेत माझ्या नावापुढे आडनाव नव्हतं, पप्पांचं नाव होतं. पप्पांनी विचार करूनच तसं घातलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शाळेत 'व्हेअर आर यू फ्रॉम' विचारलं की 'सातारा' म्हणायचं, प्रश्न संपायचा. मराठीत तो संपत नाही, तिथून सुरू होतो. म्हणून मी मराठीतही साताऱ्यावरच थांबायला शिकले. तू म्हणायचीस, "तिकीट साताऱ्याचं काढतीस आन् जायचं रहिमतपूरला. माझ्या गाडीत आसतीस तर उतरीवली आसती."

चाचणीचा फोन मी एल्सच्या खोलीतून केला. मी नाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, "अय्या, देशमुख का! साताऱ्याच्या? मग आपल्याच की!" आणि पुढे एकही प्रश्न आला नाही. कुलदैवत नाही, मामा नाही, काही नाही. खोली रिकामी आहे म्हणाल्या. कधीही बघायला ये म्हणाल्या. "जेवायलाच ये ना. एकटी असतेस, नीट जेवतेस तरी का?"

आत्या, तो आवाज फार प्रेमळ होता. खोटा नव्हता. त्या देशात आल्यापासून, तू सोडून, मला कुणी नीट जेवतेस का म्हणून विचारलं नव्हतं. आणि ते विचारणं माझ्यासाठी नव्हतं. मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. एल्सने अंगठा वर केला. चाचणी अगदी स्वच्छ झाली होती.

तू आधी हिरमुसलीस. "एवढा आब्यास केला आन् पेपरात काईच न्हाई आलं?" मग मी त्या जेवणाचं सांगितलं आणि तू गंभीर झालीस.

"मंग जा जेवाय."

"जाता येत नाही. नियम आहे. पुरावा मिळाला की थांबायचं."

"आन् तिला सांगितलंस का, तू कोण ते?"

"नाही. तेही बसत नाही नियमात."

"मंजी ती आजून देशमुखाचीच वाट बघतीया."

मी चिडले. म्हणाले, मला तिच्या घरचं जेवण नको आहे, रोहिणीला खोली मिळायला हवी, तेवढंच माझं काम. तिच्या मनात काय असावं ते कायदा ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. तू म्हणालीस, "कायद्यानं खोली मिळंल. ताटात कोन वाढंल?" मी म्हणाले, "न वाढू दे. मला ताट नको." तू म्हणालीस, "मला दोनी पायजे." मी म्हणाले, "शारदाकाकींनी तुझं मटण अजून खाल्लं नाहीये, आत्या." हे बोलल्यावर तू पंख्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "खिचडीत मीठ कुणाचं हुतं?"

मी म्हणाले, सुट्टी संपली, नंतर बोलू. त्यानंतर आपण पुष्कळ बोललो: पप्पांच्या गुडघ्याबद्दल, ऊसतोडीच्या गाड्यांनी रस्ता अडतो त्याबद्दल, तुझ्या नव्या चष्म्याबद्दल. यावर नाही बोललो. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायची तारीख ठरली तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "काय झालं ते मला पयलं सांगायचं." तारखेच्या आधीच तू गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सकाळी शारदाकाकी भलंमोठं पातेलं घेऊन आपल्या स्वयंपाकघरात शिरल्या. रात्री साबुदाणा भिजवून ठेवला होता त्यांनी. पप्पा म्हणाले, "वहिनी, आज कुणाचा उपास हाय?" काकी म्हणाल्या, "आसंल की कुनाचा तरी. हिच्या घरात खिचडी न्हाई, आसं कसं चालंल?" कुणाचाच उपास नव्हता. वंदना झाली, लोक तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या गाडीचे एक ड्रायव्हर बोलायला उभे राहिले आणि 'बाईंची बेल कधी चुकली नाही' एवढंच म्हणून खाली बसले. मग पंगतीत सगळ्यांनी खिचडी घेतली. काकींनी स्वतः मात्र ती घेतली नाही. आमचा वरण-भात घेतला, दोनदा. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. त्यांनीही मला बघताना बघितलं. "काय बघतीस?" म्हणाल्या. "मटनाचं जत्रेला बघू."

हे तुला कळवायचं होतं. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही, कारण मग तू मला ते जन्मभर ऐकवलं असतंस. पण कळवायचं होतं.

आता बैठकीचं सांगते. तूच म्हणाली होतीस, पहिलं तुला.

त्या बाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. बेसनाचे लाडू. तिकडच्या कुणी अशा बैठकीला वकील आणला असता, यांनी लाडू आणले. मला एकदम गाव आठवलं. एल्स डब्याकडे संशयाने बघत होती, कारण आमच्याकडे भेटवस्तू घेत नाहीत. डबा टेबलाच्या मधोमध बसला, झाकण उघडं. बाई रोहिणीला म्हणाल्या, "घे ना गं. घरचे आहेत." रोहिणी शांतपणे म्हणाली, "आधी उत्तर, मग लाडू."

तिला आता खोली नको होती, रुग्णालयाजवळ तिला मिळाली होती. तिला एकच हवं होतं: खोली का दिली नाही, ते त्या बाईंच्या तोंडून. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला आधी शब्द दिला होता. मी तिथे दुभाषी म्हणून बसले होते. मी ते वाक्य एल्सला सांगायला लागले आणि बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. आवाज ओळखला त्यांनी.

"तुम्ही... तुम्ही त्या देशमुख ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग कुठल्या तुम्ही?"

आत्या, नुसतं सातारा म्हणून मला थांबता आलं असतं. दुभाष्याने स्वतःबद्दल बोलूही नये, असा नियम आहे. टेबलाखाली माझं बोट मांडीवर दोनदा आपटलं, ते मी मुद्दाम केलं नाही.

"मी रहिमतपूरची," मी म्हणाले. मग आडनाव सांगितलं, आपलं, खरं. आळी सांगितली. "सातारा-सांगली गाडीवर इंदूताई कंडक्टर होत्या, त्यांची भाची. गेल्या महिन्यात वारल्या त्या." पुढे त्या जे विचारणार होत्या, तेही मीच सांगून टाकलं: "आम्ही बौद्ध आहोत. आणि मामाचं गाव मेढा." एल्सला यातलं काही कळलं नाही. रोहिणीला सगळं कळलं. ती माझ्याकडे बघून हसली नाही, नुसती खुर्चीत सरळ बसली.

बाईंनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी विट्याची. कॉलेजला त्याच गाडीने जायचे." आणि थांबल्या. तुझ्या हातून त्यांनी तिकीट घेतलं असेल का, मला माहीत नाही. घेतलं असेल तर तू त्यांना फक्त 'कुठं?' एवढंच विचारलं असशील.

मग त्या रोहिणीला म्हणाल्या, अगदी हळू, पण स्पष्ट: "आडनावावरून कळलं नाही, म्हणून गाव विचारलं. गावावरून कळलं. म्हणून नाही दिली. दुसरं कुणी नव्हतं. माझं चुकलं." मी हे वाक्य शब्दाला शब्द एल्सला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं आणि 'भेदभाव कोणत्या कारणावरून' या रकान्यात 'जन्म' असं लिहिलं. पुढे वरच्या लोकांना ते पटेल की नाही, ते आज सांगता येत नाही, भांडायला लागेल. भांडेन. पण तिथे तो शब्द बसला, आत्या, आणि मी तो बसताना बघितला.

आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. मला अजून वाटतं की कायद्याने ताटात डोकावू नये. त्या बाई उद्या पुन्हा कुणाला मामाचं गाव विचारतील, की नाही विचारणार, मला माहीत नाही. तुलाही कळलं नसतं. पण सबब तेवढी त्या दिवशी त्या टेबलावर चालली नाही, आणि ती तुझीच पद्धत होती, हे तू असताना मी कबूल केलं नव्हतं. आता करते. तुझी हनुवटी आणि पंखा समोर असता तर बहुतेक तरीही केलं नसतं.

उत्तर मिळाल्यावर रोहिणीने लाडू उचलला. डबा माझ्याकडे सरकवला. एल्सने डोळे मोठे केले, पण मी घेतला. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तू बघायचीस तशा, वाढल्यावर.

कसा झालता, हेच विचारशील तू आधी. बेसन जरा कच्चं राहिलं होतं, आत्या. आणि ते मी त्यांना सांगितलं.